बर्फखान्यातलं लग्न

"एकेका झाकणावर एकेक माणूस बसला पायजे," बाबाजीशेठ म्हणाले. "एक झाकण जरी रिकामं दिसलं ना, तर सोमवारी चावी टायरवाल्या नाथाच्या हातात. टायर बरे. बोलवायला लागत नाय, ठेवले की बसतात."

नूतनने मान डोलावली, कारण अट तिला आवडली. "हॉल भरला पायजे" असं शेठ म्हणाले असते तर तिची झोप उडाली असती. भरला म्हणजे किती, हे कोण ठरवणार? झाकणं मोजता येत होती. बारा रांगा, एका रांगेत चौदा. एकशे अडुसष्ट.

पेणहून खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला बाबाजी म्हात्र्यांचा बर्फखाना आहे. अकरा वर्षं बंद. तिथं बर्फाची टाकी जमिनीत खोल, एखाद्या तलावाएवढी. तिच्यात मिठाचं पाणी, त्या पाण्यात गोड्या पाण्याने भरलेले लोखंडी डबे ओळीने उभे, आणि प्रत्येक डब्यावर एक जाड लाकडी झाकण. कामगार या झाकणांवरूनच चालायचे. आता पाणी गेलं, डबे भंगारात गेले. राहिली पोकळ टाकी, तिच्यावरची सागवानी चौकट आणि चौकटीत बसवलेली झाकणं, बुद्धिबळाच्या पटासारखी. एका टोकाला बर्फाच्या लाद्या सरकवायचा ओटा. तो ओटा म्हणजे रंगमंच आणि ही झाकणं म्हणजे बैठक, हे नूतनला पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

ती तिथं गेली ती मितेशमुळे. दोघं पेणच्या कॉलेजात बी.एस्सी.ला एका बाकावर बसायची. पुढे नूतन रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत लागली आणि अष्टमी गावातल्या घरून शिफ्टला जाऊ लागली. मितेशने घरचा गणपतीचा कारखाना धरला. मूर्ती वाळवायला जागा पुरेना, म्हणून त्याने बर्फखान्याची पडवी मागून घेतली होती.

"आत काय आहे?" नूतनने विचारलं होतं.

"अंधार."

नूतन आत शिरली आणि सवयीने टाळी वाजवली. नव्या जागेत शिरलं की ती टाळी वाजवतेच. देवळात, बोगद्यात, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे. इथं टाळी वाजली आणि तिथल्या तिथं संपली. मागे काहीच उरलं नाही. भिंतींत बुचाचे जाड थर होते, थंडी बाहेर जाऊ नये म्हणून घातलेले. तेच आता आवाज गिळत होते. मग तिने झाकणावर टाच आपटली, आणि खालची टाकी ढोलासारखी घुमली.

"मितेश! ही खोली वरून मुकी आहे आणि खालून ढोल आहे!"

"तुला ऊन लागलंय," मितेश म्हणाला. पण त्यानेही टाच आपटून बघितली. मग दुसरी. मग दोन्ही. थोड्या वेळाने कारखान्यातले चार रंगारी आत डोकावले तेव्हा त्यांचा मालक झाकणाझाकणांवर नाचत होता आणि एक मुलगी कोपऱ्यात उभी राहून वहीत काहीतरी लिहीत होती.

त्यानंतरचे सगळे रविवार तिथंच गेले. नूतनने प्रत्येक झाकणावर सिमेंटच्या दोन गोण्या चोवीस तास ठेवल्या. एकतीस झाकणं वाकली, ती बदलली. रंगाऱ्यांनी मूर्तींवर चालवायची फवारणी भिंतींवर चालवली, आणि पितांबरांसाठी आणलेला पिवळा उरला होता त्यात दारं रंगली. इथं गाणं व्हावं, चित्रं लागावीत, नाटकाच्या तालमी व्हाव्यात, पेण-रोह्याच्या पोरांना पनवेल गाठायला लागू नये, एवढंच नूतनचं म्हणणं होतं. बाबाजीशेठ रोज संध्याकाळी येऊन दारात उभे राहायचे आणि "बरं चाललंय" म्हणायचे. पण टायरवाला नाथाशेठही गोदामाला जागा मागत रोज सकाळी त्यांच्याकडे चहाला येत होता. म्हणून ही अट. एक कार्यक्रम, एक रविवार, एकशे अडुसष्ट माणसं.

पहिला कार्यक्रम कुणाचा, याबद्दल नूतनला शंकाच नव्हती. बायजाबाईचा.

बायजाबाई धवलारीण. खाडीकाठच्या आगरी लग्नांत भटजीच्याही आधी मान धवलारणीचा. हळद लागण्यापासून वरात दाराशी येईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्याकडे असतं, त्या गाण्याला धवला म्हणतात. कॉलेजातली मैत्रीण नमिता, तिच्या हळदीला नूतनने बायजाबाईला पहिल्यांदा पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे पाहिलंच, ऐकू काही आलं नव्हतं. मांडवाशेजारी डीजे होता. नूतनने मोबाइलवर आवाज मोजला. डीजे एकशे चार डेसिबल, बायजाबाई बासष्ट. त्या बेचाळीस डेसिबलचा राग दोन वर्षं तिच्या डोक्यात बसला होता.

पण बोलवायचं कसं? नूतनचं घर मूळचं कोलाडकडचं, भात आणि वाल पिकवणाऱ्यांचं. खाडीकडची रीत तिला ठाऊक नव्हती. मितेश पेण शहरातला, त्यालाही नव्हती. म्हणून तिने बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या जनीला गाठलं. जनी म्हणजे बायजाबाईची सून.

"धवलारणीला बोलवायला काय न्यायचं असतं?"

जनीने तिला पायांपासून केसांपर्यंत न्याहाळलं आणि एकदम गोड हसली. "ताट नेयचा. तांदूळ, नारळ, पाच पानांचा इडा, सुपारी नि हळकुंड. वर नवा फडका. उंबऱ्याबाहेर उभं रावायचं. दिवस सांगायचा, जागा सांगायची. जास्त बोलायचं नाय."

नूतनने प्रयोगशाळेत लिहितात तशी पायऱ्यापायऱ्यांनी कृती लिहून घेतली. 'जास्त बोलायचं नाही' ही सहावी पायरी. जनीने तिच्या पिशवीत न मागता दोन मुठी जवळा टाकला. नूतनने तोही लिहिला. का टाकला, ते मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

बायजाबाईचं घर मिठागराच्या बांधाला लागून. ती पायरीवर बसली होती, तळवे मिठाने पांढरे पडलेले. नूतन उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि ताट पुढे केलं. बायजाबाईने फडकं उचललं. हळकुंड पाहिलं. नूतनकडे पाहिलं.

"दिवस?"

"येता रविवार. चार वाजता."

"जागा?"

"पेणचा बर्फखाना."

बायजाबाईच्या भुवया वर गेल्या. नूतनला राहवलं नाही, सहावी पायरी जराशी मोडलीच. "तिथं डीजे नाहीये. बाहेर कुणी लावला तरी आत ऐकू येणार नाही. आणि तुमचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचतो. मी मोजलंय."

"डीजे नाय?"

"नाही."

"खरा सांगतेस? हळूसुद्धा नाय?"

"हळूसुद्धा नाही."

बायजाबाईने तळव्यांवरचं मीठ झटकलं. मग तिने इडा उचलला, कपाळाला लावला आणि कनवटीला खोचला. "हळद आनून ठेव. नि दोन पाट."

दोन पाट कशाला, हा प्रश्न नूतनच्या जिभेवर आला होता. पण सहावी पायरी एकदा मोडून झाली होती. तिने वहीत लिहिलं, 'हळद. पाट २.'

मग आमंत्रणं. नूतन आणि मितेश पेणभर फिरली, रोह्यात फिरली. दोनशे बारा माणसांना समोरासमोर विचारलं. एकशे एक्याऐंशी जण म्हणाले, "बघू."

"बघू म्हणजे साधारण किती टक्के येतील?" नूतनने विचारलं.

"बघू म्हणजे नाय," मितेश म्हणाला.

"सगळेच?"

"पेणमध्ये बघू म्हणजे नाय. रोह्यात बघू म्हणजे पक्कं नाय."

शनिवारी संध्याकाळपर्यंत नक्की येणारे तेवीस होते, त्यात चार रंगारी आणि नूतनची आई धरून. नूतन ओट्यावर बसून एकशे पंचेचाळीस रिकाम्या झाकणांकडे बघत होती, तेव्हा नाथाशेठ टेप घेऊन आत आला. माणूस सभ्य. "चालू द्या तुमचं," तो म्हणाला. "मी नुसतं माप घेतो. ट्रकचा टायर हाय ना, उभा ठेवला तर कमी जागा घेतो." आणि त्याने टेपचं टोक नूतनच्याच हातात दिलं. ती प्रामाणिक मुलगी. नीट धरून उभी राहिली.

रविवारी अडीच वाजता पहिला टेम्पो आला.

त्यातून अठरा बायका उतरल्या. सगळ्या पिवळ्या साड्यांत, डोक्यात अबोलीचे गजरे, दोघींच्या हातांत परातींएवढ्या टोपल्या. पाठोपाठ दुसरा टेम्पो. तिसऱ्यात बेंजो पार्टी होती आणि ती वाजवतच उतरली. नूतन दारात वही घेऊन उभी. छत्तीस, एक्कावन्न, बहात्तर. एवढी माणसं धवला ऐकायला? तिचे आकडे वहीत तिरके पडू लागले.

"मितेश, बहात्तर!"

शिडीवर चढून दिवा लावणाऱ्या मितेशच्या तोंडात वायर होती. त्याने वायरीसकट काहीतरी आनंदाचं म्हटलं.

एक बाई नूतनजवळ आली, तिच्या गालांवरून हात फिरवले आणि बोटं कडाकडा मोडली. "नवरीची आई खंय हाय गो?"

"कसली नवरी?"

"अग्गो बाय!" ती बाई मागे वळून ओरडली. "लाजते गो!"

मागच्या सगळ्याच हसल्या. नेमकी त्याच वेळी रिक्षातून नूतनची आई, अनिताबाई, उतरली. कुणीतरी बोट दाखवलं, आणि ती पर्स सावरते न सावरते तोच तिघींनी तिला कवटाळलं. दोन्ही गालांवर हळद लागली. "पोर गुणाची हाय तुमची!" "एकटीनं आली गो ताट घेऊन!" "काय जास्त बोलली नाय!"

अनिताबाई पिवळ्या गालांनी लेकीजवळ आली आणि तिचं कोपर धरून तिला दाराआड ओढलं.

"नूतन, तुझं लग्न हाय?"

"नाही!"

"मग या बायका मला हळद का लावतायत?"

"मला माहीत नाही!"

"पोरगा कोण?"

"आई, पोरगा नाहीये!"

आईने शिडीकडे बघितलं. मितेश वायर दातात धरून एका हाताने दिवा फिरवत होता. "वाईट नाय," ती म्हणाली.

"आई!"

आणि मग नूतनला ते दिसलं, पायऱ्यापायऱ्यांनी, स्वतःच्याच अक्षरात. तांदूळ, नारळ, इडा, सुपारी, हळकुंड. हळकुंड! धवलारणीला ताट कोण नेतं? लग्नघर नेतं. दुसऱ्या कशासाठी नेतातच कशाला? जनीने तो जवळा नवरीला दिला होता. नूतनने लग्नाचं निमंत्रण दिलं होतं, बिनचूक, एकही पायरी न चुकता, आणि खाडीकाठची सगळी गावं रीतीप्रमाणे लग्नाला आली होती.

"शंभर!" मितेश शिडीवरून ओरडला.

बायजाबाई पावणेचारला सहा बायका घेऊन आली आणि ओट्यावर बसली. तोवर शेवटच्या तीन रांगा तेवढ्या मोकळ्या होत्या. पुढे बाबाजीशेठ झाकणांचा कागदी नकाशा आणि पेन्सिल घेऊन उभे. नूतननेच तो त्यांना काढून दिला होता. त्यांच्या पत्नी विमलबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. नाथाशेठ टेप घेऊन भिंतीशी होता. त्याला एका बाईने "बस रे बाबा, पाय मोडतील" म्हणून हाताला धरून झाकणावर बसवलं, आणि तो गुपचूप बसला.

चार वाजेपर्यंत गप्प बसावं. शेठ मोजतील, झाकणं भरतील, मग सांगावं. हा विचार नूतनच्या मनात आला, नाही असं नाही. पण चुकीच्या पद्धतीने मिळालेला आकडा कितीही देखणा असला तरी तो खोडायचा असतो, हे तिला तीन वर्षं शिकवलं होतं. ती ओट्यावर चढली.

"पाट मांड," बायजाबाई म्हणाली. "नवऱ्याला आन."

"नवरा नाहीये," नूतन म्हणाली. तिला ओरडावं लागलं नाही, त्या खोलीत प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "नवरीही नाहीये. लग्नच नाहीये. मला फक्त तुमचं गाणं ऐकवायचं होतं सगळ्यांना. ताटात हळकुंड ठेवलं की लग्न होतं हे मला माहीत नव्हतं. चूक माझी आहे."

मागून एका माणसाने विचारलं, "म्हंजे जेवान नाय?"

हशा झाला. पण बायजाबाई हसली नाही.

"पोरी, लग्न नाय तर धवला नाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तो टायमपासला बोलायचा नसतो. धवला बोलला की लग्न लागतं. उद्या कुणाचं कुणाशी लागलं, तर गाव मना विचारील."

"तुळस आना!" एक बाई म्हणाली. "तुळशीचं लावू!"

"तिचं कार्तिकात लागलं," दुसरी म्हणाली. "तीन महिन्यांत दुसरं? काय बोलतील किसनदेव?"

"तो शिडीवरचा पोऱ्या हाय की!"

सव्वाशे माना शिडीकडे वळल्या. मितेशच्या तोंडातली वायर पडली. "मला उद्या साठ मूर्तींचे हात बसवायचेत," तो म्हणाला. का म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"पत्रिका बघायला लागेल," अनिताबाई हळूच म्हणाली. सगळ्यांना ऐकू आलं.

हसता हसता लोक उठायला लागले. आधी एक, मग तीन, मग अख्खी सातवी रांग. टोपल्या उचलल्या गेल्या. बाबाजीशेठने पेन्सिल ओली केली आणि नकाशावर एकेक शून्य काढायला सुरुवात केली. ते दुष्टपणाने काढत नव्हते, तोंड पाडून काढत होते. पण काढत होते. नाथाशेठच्या टेपचा खर्रकन आवाज झाला. नूतनला वाटलं, तो आवाज आपल्याला आयुष्यभर ऐकू येणार.

"बसा सगळे."

विमलबाई उभ्या होत्या. एरवी चार माणसांत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"बायजाबाय, माझं लावा. माझं राहिलंय."

"काय बोलतेस विमल!" बाबाजीशेठची पेन्सिल थांबली. "तीन पोरं झाली!"

"पोरं झाली. धवला नाय झाला."

बायजाबाईने डोळे बारीक केले. पुढे वाकून तिने विमलबाईंचा चेहरा पाहिला, मग शेठचा, आणि तिचा हात तोंडावर गेला.

"बांध फुटला तो दिवस!"

"तोच," विमलबाई म्हणाल्या. "वैशाखातलं उधाण. मी पाटावर बसले, हळद वाटून तयार, तुम्ही तोंड उघडलंत, नि हाळी आली. खाडीचा बांध फुटला. अख्खं वऱ्हाड पळालं. नवरासुद्धा."

"शेतात खारं पानी शिरत होतं!" शेठ म्हणाले. "काय, पाटावर बसून रावायचं होतं?"

"मी कुठं नाय म्हणते? दुसऱ्या दिवशी भटजींनी पाच मिनिटांत उरकलं. वऱ्हाड गुडघ्यापर्यंत चिखलात. यांच्या कानात चिखल. अडतीस वर्षं झाली. भांडण मिठावरून होऊ दे नाय तर चहावरून, शेवटी मी तोच बांध काढते. विचारा यांना."

"काढते," शेठ म्हणाले.

"माझा पयला मान होता तो," बायजाबाई सावकाश म्हणाली. "सासूनं त्या दिवशी पहिल्यांदा ताट माझ्या हातात दिलं होतं. तोंडात शब्द आला होता नि मी पदर खोचून बांध बुजवायला मातीचे पेंड उचलीत होते. तो शब्द तवाच गिळला." ती उठून उभी राहिली. "हळकुंड हाय. हळद हाय. पाट दोन हायत. नवरी आपून उठून आली. बाबाजी, ये."

"मी मोजतोय!"

"मोजायला ती पोर हाय."

पुढचं सगळं फार वेगाने घडलं. त्या सहा बायका ओट्यावरून उतरल्या. बाबाजीशेठने नकाशा डोक्यावर धरला, पण त्यांना उचललं गेलं, पाटावर बसवलं गेलं, आणि कानशिलांपासून टाचांपर्यंत ते पिवळे झाले. कानामागची पेन्सिलही पिवळी झाली. विमलबाई शेजारच्या पाटावर बसल्या तेव्हा त्यांनी आधी नवऱ्याचा कान तपासला, चिखल नाही ना म्हणून, आणि बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. उठलेले लोक परत बसले, आणि उशिरा आलेले दोन टेम्पो मागच्या रांगांत उतरले. बाहेर बेंजो पार्टी जीव तोडून वाजवत होती. आत काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून ती वाजवायची सोडून आत आली आणि दहाव्या रांगेत बसली.

मग बायजाबाईने तोंड उघडलं.

आवाज मोठा नव्हता. पण तो कुणाच्या आवाजात मिसळत नव्हता, कुठल्या भिंतीला आपटून परत येत नव्हता, जसा निघाला तसाच प्रत्येकाच्या कानाशी जाऊन बसत होता. पहिल्या ओळीनंतर ती थांबली. सगळ्यांना वाटलं, शब्द विसरली.

"मना ऐकू येतंय," ती म्हणाली. "माझा आवाज मनाच ऐकू येतंय गो!" आणि तिने पुढची ओळ तिथल्या तिथं रचून घेतली:

"बांध फुटला, पानी शिरला, नवरा गेला धावून,
अडतीस वर्सं नवरी बसली हळद उगाळून."

खोलीत हशा फुटला. विमलबाईंनी पदराने डोळे पुसले, तर पदराची हळद डोळ्यांत गेली आणि त्या आणखी हसल्या. दुसऱ्या धवल्याला बायका उठल्या आणि पहिली टाच पडली. टाकी घुमली. त्या दचकल्या. एकमेकींकडे बघितलं. मग शंभर टाचा एकदम.

नूतनच्या डोक्यात आकडे धावले. शंभर किलो तपासलेत, पण उडी मारली की भार तिप्पट होतो! "उड्या नका मारू!" ती ओरडली. "टाचा फक्त! जागच्या जागी! आपापलं झाकण!" आणि सगळ्यांना नीट ऐकू गेलं, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. आपापल्या झाकणावर उभं राहून नुसत्या टाचांनी नाचायचं, असा नवा नाच त्या दिवशी पेणला जन्माला आला. रंगारी नाचले. अनिताबाई नाचली. नाथाशेठ बसल्या बसल्या टाचा मारत होता आणि हातातली टेप तालावर आत-बाहेर करत होता.

थकून सगळे खाली बसले तेव्हा बाबाजीशेठने पाटावरूनच हात वर केला.

"पोरी, अट विसरलो नाय मी. किती?"

नकाशा आता नूतनच्या हातात होता. तिने मोजलं. पुन्हा मोजलं.

"एकशे सदुसष्ट."

"म्हंजे एक रिकामं?"

"बारावी रांग, चौदावं. दाराशेजारचं."

विमलबाईंनी नवऱ्याकडे असं काही बघितलं, की पुढची अडतीस वर्षं बांधाचा विषय निघणार नव्हता, झाकणाचा निघणार होता. "काय करू?" शेठ कळवळून म्हणाले. "बोललो ते बोललो ना मी सगळ्यांपुढं!"

"पोरी," बायजाबाई म्हणाली, "तू खंय उभी हायस?"

नूतन दाराशेजारी उभी होती. कागद हातात, पेन्सिल तोंडात. प्रयोग करणाऱ्याने स्वतःला प्रयोगात मोजायचं नसतं, म्हणून दुपारपासून तिने सगळ्यांना मोजलं होतं आणि एका माणसाला सोडलं होतं. तिने खाली बघितलं. चौदावं झाकण तिच्या चपलेपासून एका पावलावर होतं.

"बस गो!" एकशे सदुसष्ट माणसं एकदम म्हणाली. त्यात नाथाशेठचा आवाजही होता.

नूतन बसली.

बाबाजीशेठने कमरेची चावी सोडली आणि पहिल्या रांगेत दिली. पहिल्या रांगेने दुसऱ्या रांगेत दिली. चावी हळदीच्या हातांतून हळदीच्या हातांत बारा रांगा मागे आली आणि नूतनच्या ओंजळीत पडली तेव्हा पितळेची आहे की हळदीची, सांगता येत नव्हतं. तिच्यामागोमाग ताटातलं हळकुंडही हातोहात येत होतं. बायजाबाईने ते नवऱ्या मुलीचं म्हणून परत पाठवलं होतं. पण ते अकराव्या रांगेपर्यंतच पोचलं. तिथं अनिताबाई बसली होती. तिने ते पदराच्या टोकाला घट्ट बांधलं, वळून शिडीकडे बघितलं, आणि म्हणाली, "बघू."